शेकरूच्या आईचा विमा

एका जंगलात मोरेश्वर नावाचा एक शेकरू राहत होता. कुठल्या जंगलात, ते विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथेच बंद. आणि मागे भिंतीला टेकून जो आडवा झालाय ना, त्याने आधी नीट बसावं. हं.

शेकरू म्हणजे काय, ठाऊक आहे का? मोठी खार. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट आणि झाडावरून खाली उतरायचा भारी कंटाळा. मोरेश्वर तसाच होता. त्याची बायको नलिनी हुशार होती. त्याची आई द्वारकाबाई त्या दोघांहून हुशार होती, निदान असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं.

द्वारकाबाईंना दमा होता. जुना. थंडी पडली की त्यांच्या छातीत शीळ वाजायची. ती साऱ्या झाडाला ऐकू यायची, पण 'दमा' हा शब्द घरात कोणी उच्चारायचं नाही. कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. पुढे मुलींची लग्नं झाली, त्यांनाही मुलं झाली, तरी तो शब्द काही घरात आला नाही. द्वारकाबाई म्हणायच्या, "जरा वारं लागलंय." की झालं.

त्या जंगलात दुखलं-खुपलं तर म्हाताऱ्या वानराकडे जायचं. तो वैद्य होता. तो आधी नाडी बघायचा नाही. आधी विचारायचा, "तू कोणाचा रे?" मग आजोबा निघायचे, मग कुठली तरी आत्या निघायची, मग ओळख पटायची आणि मग औषध मिळायचं. मोबदला म्हणून असतील ती फळं द्यायची. नसतील तर पुढच्या हंगामात द्यायची. आणि पुढच्या हंगामात विसरायची.

मग मोरेश्वर परदेशी गेला. का गेला? सगळे जातात म्हणून गेला. पुढे ऐका.

तिकडे थंडीचं जंगल होतं. तिथल्या खारी पानगळीच्या दिवसांत बिया जमिनीत पुरतात आणि कुठे पुरल्या ते साफ विसरतात. पिढ्यान्‌पिढ्या विसरतात. आपल्याकडच्या शेकरूंना पाठांतराची सवय. म्हणून तिकडच्या खारींनी ठरवलं, पुरायचं काम आपण करू, लक्षात ठेवायला बाहेरून माणूस आणू. माणूस म्हणजे जनावर. तेच ते.

मोरेश्वरला चांगली नोकरी लागली. पगार अक्रोडांत मिळायचा. जंगल स्वच्छ होतं. पाचोळासुद्धा रांगेत पडायचा. शेजारी भेटले की हसायचे आणि घरी बोलवायचे नाहीत. सगळं कसं छान होतं.

फक्त आजारी पडायची सोय नव्हती. म्हणजे सोय उत्तम होती. बगळा डॉक्टर होता, पांढराशुभ्र, एका पायावर उभा, आवाज कधी चढत नाही. पण तो नाडीला हात लावण्याआधी विचारायचा, "विमा?" मोरेश्वरने तिथे एकदा एक ससा पाहिला होता. पायात काटा घेऊन बसला होता. काटा दिसत होता, चोचीत धरून ओढला असता तर निघाला असता. पण सशाच्या विम्यात काटे येतात की फक्त कुसळं येतात, याची चौकशी चालू होती. संध्याकाळी उत्तर आलं. तोवर काटा आपोआप आत गेला होता.

विमा म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, नाहीतर ऐन रंगात आल्यावर विचाराल. आपण धडधाकट असताना कोणाला तरी अक्रोड द्यायचे. आपण आजारी पडलो की त्याने आपल्याला औषधपाणी करायचं. मधल्या काळात तो आपल्या अक्रोडांचं काय करतो? खातो. उगाच फाटे फोडू नका.

मोरेश्वर आणि नलिनीचा विमा नोकरीतून होता. तिकडच्या नियमाप्रमाणे त्यात बायको बसायची, मुलं बसायची. आई बसायची नाही. तिकडे आई म्हणजे कुटुंब नव्हे. आई म्हणजे पाहुणी.

आता झालं काय, मोरेश्वरचे वडील गेले. द्वारकाबाई त्या मोठ्या घरट्यात एकट्या पडल्या. मुली आपापल्या झाडांवर. मोरेश्वरने ठरवलं, आईला आपल्याकडे आणायचं. महिनाभर नव्हे, कायमचं. त्याला आई हवी होती. यात हसण्यासारखं काही नाही. झुपकेदार शेपटीच्या मोठ्या शेकरूलाही आई हवी असते.

उन्हाळ्यात द्वारकाबाई आल्या. जंगलाच्या पहारेकऱ्याने सांगितलं, "राहू देत. पण पानं गळायच्या आत यांचा विमा दाखवा. नाहीतर परत पाठवा."

म्हणून मोरेश्वर विमा निवडायला निघाला.

आधी तो अस्वलाकडे गेला. अस्वल तिथलंच. मोठी गुहा, मोठं पोट. त्याने सरळ विचारलं, "तुमच्या आईंना काही जुना आजार?"

"छे छे," मोरेश्वर म्हणाला. "म्हणजे, तसं काही नाही. जरा वारं लागतं कधीतरी."

"असला आजार तरी चालेल. आम्ही जुने आजारही धरतो. फक्त आधी सांगायचं. हप्ता जरा जास्त पडेल."

जरा म्हणजे पगाराच्या निम्मे अक्रोड. मोरेश्वरची शेपूट खाली आली.

"आणि ती आजारी पडलीच नाही तर?" त्याने विचारलं.

"तर उत्तम."

"हो, पण अक्रोडांचं काय?"

"कुठल्या अक्रोडांचं?"

"आम्ही दिलेल्या."

"ते गेले."

"सगळे? थोडे तरी परत? बोनस वगैरे? निदान शेवटी शेंगदाणे?"

अस्वल गोंधळलं. "पण तुमच्या आई निरोगी राहिल्या ना?"

"राहिली. मग आमचा फायदा काय झाला?"

 अस्वलाने आजवर पुष्कळांना विमा विकला होता. घरचं माणूस निरोगी राहील म्हणून आतापासूनच हळहळणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर आल्यावर नलिनी म्हणाली, "अहो, हाच घेऊ या. महाग आहे, पण भागवू कसंतरी. आईंचा दमा जुना आहे, इथली थंडी—"

"हळू बोल!" मोरेश्वर दचकून इकडेतिकडे बघत म्हणाला. आजूबाजूला फक्त झुडपं होती. पण सवय ती सवय.

मग तो कासवाकडे गेला. कासवाचा हप्ता अगदी कमी होता. तिथे रांगेत एक म्हातारा बेडूक बसला होता. फार खुशीत होता. म्हणाला, "आमच्या आजोबांच्या पायाचा खर्च आज मंजूर झाला. आजोबा आता नाहीत. पण पाय मंजूर झाला." मोरेश्वर त्याला नमस्कार करून आल्या पावली परतला.

आपल्याकडच्या जनावरांचं तिथे एक मंडळ होतं. सणासुदीला सगळे जमायचे, आपापल्या घरचा एकेक पदार्थ आणायचे आणि दुसऱ्याच्या पदार्थात मीठ कमी आहे असं घरी जाताना म्हणायचे. मोरेश्वरने तिथे विषय काढला.

मुंगूसभाऊ म्हणाले, "विमा? मी त्या भानगडीत पडतच नाही. दोन वर्षांनी गावी जातो. दात, डोळे, पोट, सगळं एकदम उरकून येतो. मधे काही दुखलं तर दुखण्याला सांगतो, थांब."

"आणि ऐकतं?"

"माझं ऐकतं," मुंगूसभाऊ म्हणाले आणि लंगडत वाढून घ्यायला गेले.

बाकी सगळ्यांनी मात्र एकच नाव सांगितलं. "साळुंकीवहिनींकडून घ्या. आपल्यातल्या आहेत."

आपल्यातल्या! बाळांनो, परदेशात या शब्दाला काय वजन असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. गावाकडे असताना ज्याच्या दारावरून मान वळवून जातो, तो तिकडे भेटला की आपल्यातला होतो. त्याच्याकडून आपण जुनी भांडी घेतो, मुलांचे क्लास घेतो, घर घेतो. तो काय विकतोय ते बघायचं नसतं. ते बघणं बरं दिसत नाही. मला या गोष्टीचा मनस्वी राग येतो, पण माझ्या रागाला कोण विचारतो?

साळुंकीवहिनी 'घुबड आणि मंडळी' या कंपनीचा विमा विकायच्या. दुसऱ्याच दिवशी त्या हजर. येताना चकल्या घेऊन आल्या. चोच पिवळी, डोळ्यांभोवती काजळ, बोलणं मधात घोळलेलं. ज्याच्याशी बोलायच्या त्याच्याच आवाजात बोलायच्या, त्यामुळे समोरच्याला आपलंच मत ऐकल्यासारखं वाटायचं.

नलिनीने पोहे केले. द्वारकाबाई शेपटीचा पदर डोक्यावर घेऊन समोर बसल्या.

"माई, माहेर कुठलं तुमचं?" साळुंकीवहिनींनी सुरुवात केली. "किती भावंडं? सगळी चांगली आहेत ना? तुमची तब्येत कशी असते?"

आता इथे नीट लक्ष द्या. द्वारकाबाईंनी मुली उजवल्या होत्या. नातेवाइकांच्याही मुली उजवल्या होत्या. परकी बाई घरी येते, पोहे खाते, माहेर विचारते आणि मग घराण्याच्या तब्येतीची चौकशी करते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. आणि ती बाई ते कशासाठी विचारते, हेही त्यांना ठाऊक होतं. विमा-बिमा मोरूने सकाळी समजावून सांगितला होता, त्यांनी मानही डोलावली होती. पण पोह्यांची बशी हातात आली आणि सगळा विमा डोक्यातून गेला. पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"माझी तब्येत? मला काय धाड भरलीय!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"डोळे?"

"अजून सुई ओवते."

"गुडघे?"

"या फांदीवरून त्या फांदीवर जाते. हात न लावता."

"रक्तदाब?"

"आमच्या घराण्यात नाही."

"छातीचं काही? खोकला, दमा?"

नलिनीने हातातली बशी खाली ठेवली. "आई, ते थंडीतलं सांगा ना—"

द्वारकाबाईंनी सुनेकडे नुसतं पाहिलं. मग साळुंकीवहिनींकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "ही माझी सून. हिला अर्धशिशी आहे. हिच्या आईने लग्नात सांगितली नव्हती. आम्ही काही बोललो नाही."

नलिनी तांबडीलाल झाली. आधीच तांबूस, त्यात आणखी. तिने मोरेश्वरकडे पाहिलं. मोरेश्वर पोह्यांतले शेंगदाणे निवडत होता. त्याला दोष देऊ नका. पाहुण्यांसमोर आईला खोटं कोण पाडतं? तुम्ही पाडाल? आज घरी जाऊन पाडून बघा.

"दमा!" द्वारकाबाई म्हणाल्या. "अहो, आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी शिंकलेलं नाही!"

एवढं जोरात बोलल्यामुळे त्यांना जरा धाप लागली. छातीत बारीक शीळ वाजली.

"शीळ कुठे वाजतेय?" साळुंकीवहिनींनी विचारलं.

"वारा आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो हो. वाराच," साळुंकीवहिनी म्हणाल्या. त्या पक्षी होत्या. वारा आणि शीळ यातला फरक त्यांना अंड्यात असल्यापासून कळत होता. "आमच्या घुबडसाहेबांना अशीच निरोगी माणसं हवी असतात. हप्ताही अगदी कमी बसेल. आणि आजारी नाही पडलात, तर पाच वर्षांनी थोडे अक्रोड परत!"

परत! मोरेश्वरने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. त्याने तिथल्या तिथे पंजा उमटवून दिला.

साळुंकीवहिनी उडून गेल्यावर नलिनी म्हणाली, "अहो, आपण खोटं सांगितलं."

"आपण कुठे? आई बोलली."

"थंडीत काय करणार?"

"थंडीत बघू. आणि अगं, हप्ता बघ ना किती कमी आहे."

शेजारच्या फांदीवरून द्वारकाबाईंनी विचारलं, "काय ग नलिनी, पसंत पडलं का त्यांना?"

"पडलं," नलिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

मग पानं गळली. द्वारकाबाईंचे दिवस बरे चालले होते. संध्याकाळी मोरेश्वर कामावरून आला की दोघं फांदीवर बसायची. तो कुठल्या खारीने कुठे काय पुरलं ते घडाघडा म्हणायचा, आणि त्या म्हणायच्या, "पाढे मात्र कधी पाठ झाले नाहीत तुझे." मोरेश्वर इतकं मनापासून हसायचा, की त्या शांत जंगलातले शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्या जंगलात तो इतकी वर्षं होता, पण घर असल्यासारखं त्याला आत्ता कुठे वाटायला लागलं होतं.

आणि हिव पडलं.

पहिल्याच गारठ्यात द्वारकाबाई उठून बसल्या. आडवं होता येईना. तोंड उघडं, डोळे मोठे, शब्द अर्ध्यात तुटायला लागला. "मोरू, जरा... वारं..." एवढंच. मोरेश्वरची तारांबळ उडाली. त्याने आईला पाठीवर घेतलं आणि तो झाडावरून खाली उतरला. शेकरू सहसा खाली उतरत नाही, मघाशी सांगितलंय. पण त्या दिवशी तो बर्फातून धावत गेला.

"विमा?" बगळा डॉक्टरने विचारलं.

"आहे!" मोरेश्वर ओरडला. उभ्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीचा त्याला इतका अभिमान वाटला नव्हता.

डॉक्टरने द्वारकाबाईंना लगेच उबेच्या ढोलीत नेलं. उबेची ढोली म्हणजे एका जुन्या झाडाचा मोठा पोकळ बुंधा. आत बाहेरची थंडी येत नाही, औषधी पाल्याचा धूर मंद दरवळत असतो. घटकाभरात द्वारकाबाईंचा श्वास खाली बसला.

"या थंडीभर त्यांना इथेच ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "एवढी थंडी निघाली की शरीर इथल्या हवेला सरावेल. मग खुशाल राहा म्हणावं मुलाकडे. बाहेर ठेवलंत तर मात्र भरवसा नाही. कंपनीने हो म्हटलं की झालं."

म्हणजे बघा, सगळं आता एका 'हो'वर आलं होतं.

हो म्हणायला स्वतः घुबडसाहेब आले. दिवसाढवळ्या आले, कारण नाही म्हणायचं असेल तर घुबडाला दिवसाही दिसतं. साळुंकीवहिनीही बरोबर होत्या. घुबडसाहेब एका खुंटावर बसले. माणूस सभ्य होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "हा त्रास यापूर्वी कधी झाला होता?"

"कधीच नाही," मोरेश्वर म्हणाला. 

"माई, तुम्हाला?"

"कधीच नाही," द्वारकाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. मघापासून मोरू कानात तेच सांगत होता.

नलिनी सासूच्या पायांवर पाला सारखा करत होती.

"मग हा नवा आजार," घुबडसाहेब म्हणाले. "नवा आजार आम्ही धरतो. डॉक्टर, थंडीभर ठेवा यांना." आणि त्यांनी शिक्का काढण्यासाठी पंखात पंजा घातला.

पंजा अजून आतच होता, तेवढ्यात मंडळाचे लोक आले.

आजारी माणसाला भेटायला जायचंच, ही आपल्याकडची रीत. परदेशी गेलो म्हणून रीत सुटते का? मुंगूसभाऊ आले, आणखी दोघंचौघं आले, आणि सर्वांच्या पुढे सायाळकाकू आल्या. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेली, त्यामुळे तिला वाट मिळतेच. हातात फळं होती. त्या ऐसपैस बसल्या.

"काय हो द्वारकाबाई, काय झालं?"

"काही नाही. जरा वारं लागलं."

"वारं कसलं? दमा हा!" सायाळकाकू म्हणाल्या. "मला विचारा ना. मला कितीतरी वर्षं आहे. माझ्यासारखा दमा डॉक्टरांनीसुद्धा पाहिला नव्हता. म्हणाले, काकू, तुम्ही आहात कशा हेच आश्चर्य!"

"काकू, चहा घेता का?" मोरेश्वर घाईघाईने म्हणाला.

"नको रे, मला दम्याला चहा चालत नाही. तुमचं आपलं थोडक्यात आहे हो द्वारकाबाई. वरवरचं आहे, दोन दिवसांत उतरेल. आमचं तसं नाही. आमचा मुरलेला."

 द्वारकाबाईंच्या मिशा थरथरायला लागल्या.

"मागच्या थंडीत तर मी गेलेच होते," सायाळकाकू सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "एकदा नाही, दोनदा! लेकीने हंबरडा फोडला. तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही नशीबवान, तुमच्या सात पिढ्यांत म्हणे कोणी शिंकलं नाही. ज्याला असतं त्यालाच ठाऊक, दमा काय असतो ते!"

नलिनीने सासूचा पंजा घट्ट दाबला. मोरेश्वर म्हणाला, "आई, तू झोप." पण वेळ गेली होती. द्वारकाबाई ताडकन उठून बसल्या.

"दोनदा?" त्या कडाडल्या. "अहो काकू, मी पाचदा गेलेय! वैद्यांनी मला झाडावरून खाली उतरवायची तयारी करा म्हणून सांगितलं होतं! हा मोरू पोटात होता तेव्हापासूनचा दमा आहे माझा! माझी शीळ नदीपलीकडे ऐकू जायची, पलीकडची जनावरं विचारायची, कोण गेलं म्हणून! आणि तुम्ही मला दमा शिकवता?"

सायाळकाकूंचे उभे राहिलेले काटे हळूहळू खाली बसले. मुंगूसभाऊंच्या तोंडून "बाप रे" निघून गेलं. सगळ्यांनी आदराने द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी इतकं लांबलचक वाक्य एका दमात पूर्ण केलं होतं.

घुबडसाहेबांनी मान गर्रकन पूर्ण मागे फिरवली.

"पोटात होता तेव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"मग काय तर!" द्वारकाबाई फुशारकीने म्हणाल्या.

घुबडसाहेबांनी पंखातून रिकामा पंजा बाहेर काढला.

"साहेब," मोरेश्वर त्यांच्या पाया पडायला धावला, "म्हातारं माणूस आहे. बोलण्याच्या भरात बोलून गेली."

"शक्य आहे," घुबडसाहेब म्हणाले. "पण यातलं भरात कुठलं? आजचं, की विमा घेतानाचं?"

"अगबाई, मला तर काहीच सांगितलं नव्हतं," साळुंकीवहिनी म्हणाल्या. आणि त्यांनी हुबेहूब द्वारकाबाईंच्याच आवाजात, त्याच ठसक्यात म्हणून दाखवलं, "अहो, आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी शिंकलेलं नाही!" आपल्यातली बाई. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

मोरेश्वर अस्वलाच्या गुहेकडे धावला. दाराशी शिळा होती. अस्वल वसंतापर्यंत झोपलं होतं. आतून एक वटवाघूळ म्हणालं, "ज्यांचा विमा आधीपासून आहे त्यांचं काम मी बघतो. नवा विमा वसंतात." मोरेश्वरने शिळेवर डोकं आपटलं. खरंच आपटलं. मी वाढवून सांगत नाही.

परत आला तेव्हा बगळा डॉक्टर ढोलीच्या दाराशी उभा होता. आवाज चढलेला नव्हता.

"विम्याशिवाय यांना इथे ठेवता येणार नाही," तो म्हणाला.

"पण बाहेर ठेवलं तर भरवसा नाही, असं तुम्हीच म्हणालात!"

"हो. म्हणूनच त्यांना परत पाठवा. करकोच्यांचा थवा उद्या तुमच्या जंगलाकडे निघतोय. प्रवासाला हरकत नाही. त्या इथे राहण्याइतक्या बऱ्या नाहीत, पण इथून जाण्याइतक्या बऱ्या आहेत."

नलिनीने सासूबाईंचं सामान बांधलं. स्वतःच्या अंगावरची लोकरीची शाल काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली. 'मी तेव्हाच सांगत होते,' असं ती एकदाही म्हणाली नाही. मी तिच्या जागी असतो तर दहादा म्हणालो असतो.

"आई," मोरेश्वर शेवटी म्हणाला, "का ग बोललीस? जरा वेळ कळ काढायची होतीस. शिक्का बसतच होता."

द्वारकाबाईंनी खाली पाहिलं. आता त्यांच्या आवाजात कसला ठसका नव्हता.

"काय सांगू तुला मोरू? इतकी वर्षं कोणाला म्हणून सांगितलं नाही रे. तुझ्या बहिणींची लग्नं व्हायची होती. मग त्यांच्या मुलींची. कोणी विचारलं की वारं म्हणायचं. आणि ती सायाळ आली, आपल्याला दमा आहे म्हणून सगळ्यांसमोर खुशाल सांगत बसली. मला वाटलं, मीही एकदा सांगावं. इतकं बरं वाटलं रे सांगून!"

मोरेश्वरने आईच्या गळ्याभोवतीची शाल पुन्हा एकदा नीट केली. तुम्ही दुसरं काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी करकोचे निघाले. द्वारकाबाईंनी सुनेच्या डोक्यावरून पंजा फिरवला. "तुझी अर्धशिशी सांभाळ. उन्हात फिरू नकोस," त्या म्हणाल्या. मोरेश्वरने त्यांना म्होरक्या करकोच्याच्या पाठीवर बसवलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. लहान पोरासारखा.

"अरे, रडू नकोस या थंडीत," द्वारकाबाई म्हणाल्या. "सर्दी होईल. तुझ्या विम्यात सर्दी धरतात का ते आधी विचारून घे."

थवा उडाला. शीळ बराच वेळ ऐकू येत होती.

मग मोरेश्वर का नाही गेला आईबरोबर? प्रश्न चांगला आहे. जाणारच होता. पण नोकरी सोडली की नोकरीचा विमा जातो. आणि जाता जाता वाटेत आजारी पडला असता तर? तो गेला नाही. तो कामावर गेला. शेजारच्या खारींनी हसून विचारलं, "आई गेल्या का?" तो म्हणाला, "हो. हवा मानवली नाही." गावाकडून कोणी विचारलं तर तो अजून सांगतो, इकडे बाकी काही म्हणा, आजारपणाची काळजी नाही, औषधोपचार एक नंबर.

आणि आजीचं पुढे काय झालं? काय झालं म्हणजे? मला काय विचारता? मोरेश्वरला विचारा, त्याची आई आहे. आणि त्यालाही ठाऊक नाही. येणारा प्रत्येक पक्षी एकच निरोप आणतो, "ठणठणीत आहे, काळजी करू नकोस." द्वारकाबाईंनी सांगितलेला निरोप. आता त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तो रोज रात्री फांदीवर बसून ठरवत असतो, आणि त्याचं ठरत नाही. चला, उठा आता.

थांबा. तात्पर्य राहिलं. आजार लपवू नये, खरं बोलावं, असलं काहीतरी येणार म्हणून पुढच्या रांगेतले चेहरे आत्ताच लांब झालेत. घाबरू नका. तसलं काही नाही.

तात्पर्य : परदेशात राहायचं असेल, तर विमा कुठलाही घेतला तरी चालतो. आई मात्र निरोगी निवडावी.